पोटाची सुट्टी

माझ्या कमरेचा घेर मला स्वतःच्या फोन नंबरापेक्षा पक्का पाठ होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता, वर सकाळचा हवाय की संध्याकाळचा, तेही विचारलं असतं. गणिताच्या मास्तराला आकड्यांचं वेड असावं यात नवल नाही. पण हे वेड गणिताचं नव्हतं, भीतीचं होतं, आणि ते कळायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

आमचं घर तीन पिढ्या कोलकात्यात आहे. आजोबा नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की बंगाली, असा आमचा कारभार. आजोबा, वडील, काका, तिघांनाही पोट होतं. साधंसुधं नाही, शर्टाच्या चौथ्या बटणाची रोज परीक्षा घेणारं. या शहरात त्याचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. सुटलेल्या पोटाला बंगालीत भुँडी म्हणतात आणि म्हणताना आवाजात थोडी माया असते. मला मात्र अठ्ठाविसाव्या वर्षी कुणाच्या तरी लग्नातला एक फोटो बघायला मिळाला. त्यात वडील आणि काका जेवणाच्या रांगेत बाजूने दिसत होते, आणि त्यांच्यामागे मी. तीन पोटं, उतरत्या क्रमाने. त्याच संध्याकाळी मी सतरंजी अंथरली आणि पोटाचे व्यायाम सुरू केले. पुढची सोळा वर्षं ते एक दिवसही थांबले नाहीत.

एक दिवसही नाही म्हणजे खरोखरच नाही. ताप असताना केले. स्वतःच्या लग्नाच्या सकाळी केले. सांगलीला सासरी जायचो तेव्हा हावड्याहून सुटलेल्या गाडीत वरच्या बर्थवर उताणा होऊन पाय वरखाली करायचो. एकदा खालच्या बर्थवरच्या आजोबांनी माझ्या बायकोला काळजीने विचारलं, "यांना फिट येते का?" ती म्हणाली, "हो, रोज सकाळी येते."

बाकीचं शरीर मी टॉलीगंज स्टेशनमागच्या एका गल्लीतल्या व्यायाम समितीत कमावलं. वर पत्रे, आत जुनं लोखंड, वजनांवरचे आकडे झिजलेले, भिंतीवर जास्वंदीच्या हारातले बजरंगबली. तिथे शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्टरमोशाय म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. बजबजच्या ज्यूट मिलमधून निवृत्त झाले, अजून त्याच गावात राहतात आणि पहाटेच्या लोकलने येतात. डब्यात मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, आणि भिजवलेले हरभरे. ते बंगालीतच बोलतात. इथे मी त्यांचं बोलणं मराठीत लिहितोय, त्यात त्यांचा मिश्कीलपणा थोडा सांडेल, त्याला इलाज नाही.

त्यांचा एक नियम होता. ज्याला लोखंड उचलायला लागून दोन वर्षं झाली, त्याने विजयादशमीपासून वसंतपंचमीच्या सरस्वतीपूजेपर्यंत पोटाचा वेगळा व्यायाम करायचा नाही. क्रंच नाहीत, बारला लटकून पाय उचलणं नाही. स्क्वाट करा, डेडलिफ्ट करा, डोक्यावर वजन न्या, पोटाला तिथे राबावंच लागतं. नव्याने आलेल्यांना मात्र ही सुट्टी नसे. "ज्याचं पोट अजून जागंच झालं नाही, त्याला झोप कशाला सांगू?" ते म्हणायचे.

इथली शाळकरी मुलं सरस्वतीपूजेआधी बोरं खात नाहीत. बाजारात ढीग लागले तरी नाही. आधी देवीला वाहायची, मग खायची, नाहीतर परीक्षेत नापास होणार ही धमकी. मास्टरमोशाय तेच उदाहरण द्यायचे. "चौथीतलं पोर बोरांच्या टोपलीपुढून रोज जातं आणि थांबतं. तुम्ही एवढे दंड घेऊन हिंडता, तुम्हाला थांबता येत नाही?"

मोजमापही त्यांचं स्वतःचं होतं. दशमीच्या सकाळी ते प्रत्येकाचा गमछा त्याच्याच बेंबीवरून गुंडाळायचे आणि जिथे टोक येईल तिथे लाल दोऱ्याचा टाका घालायचे. सरस्वतीपूजेच्या सकाळी पुन्हा तोच गमछा, तसाच गुंडाळायचा. टाका कुठे आला ते ज्याचं त्याने बघायचं. टेप, वजनकाटा वगैरे त्यांच्या समितीत नव्हतंच.

मी हा नियम अकरा वर्षं पाळला, म्हणजे समितीत पाळला. घरी सतरंजी चालूच होती. क्रंच झाले की एका हातात डंबेल घेऊन मी बाजूला वाकायचो, मग दुसऱ्या हाताने दुसऱ्या बाजूला, कमरेच्या कडा कापून काढायच्या म्हणून. रस्त्यापलीकडे नवीन एसी जिम निघाली होती. तिथला ट्रेनर सांगायचा, पोट बारा महिने रोज मारा, पोट थकत नाही. मला हवं तेच उत्तर होतं, म्हणून मी ते बरोबर धरलं. वर्गात मुलं असं करतात तेव्हा मी लाल पेन चालवतो.

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. इथेच वाढलेली, मराठी बोलता बोलता मध्येच बंगालीत शिरणारी. त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत उकडीचे मोदक वाढत होते. तिने ताटावर आडवा हात धरला. "नको काकू, डाएट आहे." पंगतीत हशा पिकला. मी उठून तिची पाठ थोपटली आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "जिद्द बघा. माझ्यावर गेलीय." आयुष्यात बोललेलं एकच वाक्य परत घेता आलं असतं, तर मी हे घेतलं असतं.

महिन्याभरात, दुर्गापूजेची सुट्टी लागायच्या आधी, तिच्या शाळेतून फोन आला. प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाहिलं आणि आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं की आजार काही सापडत नाही, मुलगी जेवत नाहीये. डबा रोज रिकामा परत येत होता. तो कुठे रिकामा होतो, हे आम्ही विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला आणि दर शनिवारी तिला न्यायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी माझी व्यायामाची वही काढली. मागच्या पानावर मी कमरेचे आकडे लिहीत असे, आठवड्याला एक. त्याखाली गोलसर अक्षरात आणखी आकडे होते, उन्हाळ्याच्या सुट्टीपासूनचे. माझीच टेप, माझंच पेन. आकडा उतरला की पुढे एक हसरा चेहरा काढलेला. शेवटच्या चारही आकड्यांपुढे चेहरे होते.

मी ते पान बायकोला दाखवलं. ती एस्प्लनेडला एका बँकेत काम करते आणि दिवसभर लोकांच्या चुका शांतपणे निस्तरते. तिने वही मिटली. "अक्षर तिचं आहे," ती म्हणाली, "पण धडा तुझा आहे." मी रडलो. लिहायला लाज वाटावी असं त्यात काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या खोलीत गेलो. ती माझ्याच जुन्या सतरंजीवर क्रंच मारत होती, अंगात त्राण नसताना.

"हे बंद करायचं," मी म्हणालो. वर्गात म्हणतो तसंच.

"आधी तू बंद कर, बाबा."

"माझं वेगळं आहे. मी शरीर कमावतो. स्पर्धेत उतरणाऱ्यांना हे करावं लागतं."

"तू कुठल्या स्पर्धेत उतरलास?"

सोळा वर्षांत मी एकाही स्पर्धेत उतरलो नव्हतो. दर वर्षी वाटायचं, अजून थोडं पोट आत जाऊ दे.

"तू बंद कर, मग मी करते," ती म्हणाली. "पण तुझं पोट सुटलं तर मी तुझं काही ऐकणार नाही."

पोरगी वाद घालायला माझ्याकडूनच शिकली होती, त्यामुळे सुटका नव्हती. म्हणजे आता माझ्या पोटाला रोज शिक्षा न करता, ताटात येईल ते खाऊन, मला ते जागेवर ठेवून दाखवायचं होतं. ते नाही जमलं तर मुलगी पुन्हा सतरंजीवर जाणार होती, आणि या वेळी तिच्याकडे पुरावा असणार होता. मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरता चिरता थांबली. "आणि सुटलं पोट, तर? तर तू तिचा बाप राहणार नाहीस का?" मी तिच्यापुढची उरलेली भाजी चिरायला घेतली.

मास्टरमोशायना मी सगळं सांगितलं, घरची सतरंजीसुद्धा. अकरा वर्षांची फसवणूक एका दमात कबूल केली. ते मुडी चघळत ऐकत होते. रागावले नाहीत, त्याचंच मला वाईट वाटलं.

"मुलगी तुझ्या शब्दावर न राहता पुरावा मागते, हे बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "तुझे डोळे तुझ्या पोटाबाबतीत खोटे आहेत. परक्या माणसांना दाखव. हावड्याला नववर्षाच्या, पोइला बोइशाखच्या, आधीच्या रविवारी स्पर्धा असते. चाळिशीच्या वरच्यांचा गट आहे. सरस्वतीपूजेनंतर दहा आठवडे मिळतात. तुझ्या पोटाला तेवढे पुष्कळ झाले."

"आणि चार महिने काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही कुठे? स्क्वाट कर. जेव. मुलीशी बोल."

दशमीच्या सकाळी त्यांनी माझ्या गमछ्यावर लाल टाका घातला. घरी बायकोने टेप काढून घेतली आणि स्वतःच्या कपाटात कुलपात टाकली. जेवण तिघांचं एकत्र, ती वाढेल ते, असं ठरलं. पहिले पंधरा दिवस आमचं टेबल म्हणजे परीक्षेचा हॉल होता. मुलगी माझ्या घासाकडे बघायची, मी तिच्या. बायको आम्हा दोघांकडे बघायची आणि मुद्दाम तिच्या ऑफिसच्या गोष्टी सांगत राहायची. शनिवारी मुलगी बाईंकडे जायची. तिथे काय बोलणं होतं ते आम्ही विचारायचं नाही, हेही ठरलं होतं.

हळूहळू ती खाऊ लागली. अर्ध्या पोळीची एक झाली. डब्यातली भाजी संपवल्याचं तिने स्वतःहून सांगितलं, तेव्हा मी उठून गच्चीवर गेलो आणि तिथल्या तुळशीला उगाचच पाणी घातलं.

मग हिवाळा आला, आणि इथला हिवाळा हा माझ्यासारख्या माणसाचा वैरी असतो. खजुराचा नवा गूळ बाजारात येतो. त्याचे संदेश, त्याची खीर म्हणजे पायस, तांदळाच्या पिठीचे गोड पिठे. शेजारच्या काकीमा वाटीवर झाकण ठेवून काहीतरी घेऊन आल्या नाहीत असा आठवडा जात नाही. मी खाल्लं, कबूल केल्याप्रमाणे. पण डिसेंबरातल्या एका सकाळी पँटचं बटण लावताना मला जरा ओढ जाणवली. जाणवली की भासली, देव जाणे. माझा धीर सुटला. मी बाथरूममध्ये गेलो, दार लावलं, बादली काठोकाठ भरली आणि ती एका हातात धरून बाजूला वाकू लागलो. उजवीकडे पंधरा, डावीकडे पंधरा. हे मी नऊ दिवस केलं.

दहाव्या दिवशी दार उघडलं तर मुलगी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर उभी होती.

"दोन्ही बाजूंनी पंधरा," ती म्हणाली. "कडीचा आवाज येतो, बाबा."

ती एवढंच बोलली. त्या संध्याकाळी तिने पोळी मोडली आणि ताटातच ठेवली. दुसऱ्या दिवशीही. बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेपेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

समितीत मास्टरमोशायनी मला पाठमोरं उभं केलं. खांद्यांपासून खाली हात फिरवत आले आणि कमरेवर दोन्ही बाजूंना बोटं दाबून थांबले. "हे चरबीचं काम नाही," ते म्हणाले. "हे स्नायू आहेत. वजन घेऊन वाकतोस?"

"बादली," मी म्हणालो. "आता बादली. आधी सोळा वर्षं डंबेल."

"का?"

"कंबर बारीक करायला."

ते हसले नाहीत. कोपऱ्यातला एक डंबेल उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "हा उचलून दंड काय होतो?"

"मोठा."

"आणि हाच उचलून कंबर काय होणार?"

मी डंबेल हातात घेऊन उभा राहिलो. क्रिया तीच, वजन तेच, आणि उत्तर मात्र एकीकडे अधिक, दुसरीकडे वजा. सातवीतल्या मुलाने असं मांडलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी बोलावलं असतं. ज्या कमरेला मी सोळा वर्षं कापून काढत होतो, तिला रोज दोन्ही बाजूंनी खतपाणी घालत होतो. अंगावर चरबी नव्हती, म्हणून पोटावर चौकटी दिसत होत्या. पण पाठमोरा उभा राहिलो की मी दाराच्या फळीसारखा सरळसोट दिसायचो, आणि आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी मुलीला सगळं सांगितलं. समजावायला नाही, नुसतं सांगितलं. भीती वाटली, म्हणून बादली उचलली. ती भीती पोटाची नव्हती, त्या फोटोची होती. तुला मंडळात शाबासकी दिली, ती चूक होती, माझी, सगळ्यांसमोर केलेली. आणि मग कमरेचं गणित सांगितलं, दंडाचं उदाहरण देऊन.

मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "थांब. म्हणजे तू सोळा वर्षं…" आणि ती हसायला लागली. पोट धरून, खाली वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बाबा, तू गणित शिकवतोस!" गणपतीनंतर मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरातून बायको बघायला आली आणि कारण न विचारताच तीही हसू लागली. माझ्या मूर्खपणाचा घरात इतका उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

त्या रविवारी मुलगी म्हणाली, "मला तुझे मास्टरमोशाय बघायचेत." समितीत संध्याकाळी पाच ते सहा मुलींची वेळ असते. तिने बजरंगबलीला नमस्कार केला आणि थेट विचारलं, "मी पोटाचा व्यायाम करू की नको?"

"तू किती दिवस लोखंड उचललंस?"

"शून्य."

"मग तुला पोट एकटंच कशाला हवंय? पोट काही वेगळं राहायला गेलेलं नाही. पाय, पाठ, खांदे, सगळ्यांबरोबर शिकव त्याला." त्यांनी तिच्या खांद्यांवर एक बांबूची काठी ठेवली. "बैस. पाठ सरळ. आता ऊठ." ती उठली. "आता सांग, पोट कुठे होतं?"

तिने पोटावर हात ठेवला. "इथेच. घट्ट झालं होतं."

"बघ. न बोलावता आलं." मग डोळे बारीक करून म्हणाले, "पण जेवून आलं नाही, तर माझ्या काठीला हात लावायचा नाही."

त्या संध्याकाळी तिने दीड पोळी खाल्ली. दीड हा आकडा मी मोजला, लपवत नाही. पण तो शेवटचा. पुढे तिचं ताट मोजायचं मी सोडलं, किंवा सोडायचा प्रयत्न केला, जो मला माझं पोट सोडण्यापेक्षा अवघड गेला.

सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. जानेवारीत एक आठवडा वाईट गेला, वर्गातली कुणी मुलगी काहीतरी बोलली होती. तेव्हा समुपदेशक बाई होत्या, बायको होती, आणि संध्याकाळी पाचला काठी होती.

सरस्वतीपूजेच्या सकाळी मुलगी आईची पिवळी साडी नेसून, पदराला चार पिना लावून शाळेत गेली. मी समितीत गेलो. मास्टरमोशायनी गमछा बेंबीवरून गुंडाळला. लाल टाका टोकाच्या आत गेला होता. एक बोट. चार महिने जेवून, गुळाचे संदेश खाऊन, पोटाचा एकही क्रंच न मारता आणि डिसेंबरानंतर बादलीला फक्त आंघोळीपुरता हात लावून, माझी कंबर एका बोटाने कमी झाली होती. दुपारी मुलगी घरी आली ती देवीपुढची खिचुडी दोनदा वाढून घेतल्याचं सांगत आणि ओंजळभर बोरं घेऊन. मी तिला गमछा दाखवला. तिने टाका आणि टोक यांच्या मध्ये स्वतःचं बोट ठेवून पाहिलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या तोंडात एक बोर कोंबलं.

त्यानंतर पोटाचा वेगळा व्यायाम पुन्हा सुरू झाला, आठवड्यातून तीनदा, तोही मोजका. पहिल्या दिवशी बारला लटकताना वाटलं होतं, आता दोनदासुद्धा पाय वर जाणार नाहीत. बारा वेळा गेले. सोळा वर्षांच्या रोजच्या मेहनतीतही मला बाराच जमायचे. अर्थात पुढचे तीन दिवस खोकतानासुद्धा पोट दुखत होतं, आणि त्या दुखण्याचा मला मनापासून आनंद झाला.

मला कुणी विचारलंच, तर आता माझं मत असं आहे. नवशिक्याने पोटाला बारा महिने थोडं थोडं शिकवावं. ज्याचं पोट शिकून तयार आहे आणि जो मोठी वजनं उचलतो, त्याने त्याला वर्षातून काही महिने खुशाल मोकळं सोडावं, ते पळून जात नाही. काहींना वर्षभर केलेलं मानवतं, त्यांनी करावं, माझं काही म्हणणं नाही. फक्त एकदा स्वतःला विचारावं, आपण हे व्यायाम म्हणून करतोय की प्रायश्चित्त म्हणून. मी व्यायाम म्हणून कधीच केले नव्हते.

स्पर्धा हावड्याच्या एका क्लबच्या हॉलमध्ये होती. आमच्या गटात नऊ जण. अंगाला तेल आणि रंग फासून आम्ही पडद्यामागे उभे होतो. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाचा चष्मा बायकोकडे. पोटाची पोज आली. मी हात डोक्यामागे नेले, श्वास सोडला आणि पोट आवळलं. हॉलमध्ये मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. मला वाटलं होतं ती माझ्या पोटाकडे बघत असेल. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि हाताने खूण करत होती, हस, हस. तेव्हा कुठे मी हसलो. पोट सुटलं तर बाप राहणार नाहीस का, या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथून, रंग फासलेल्या अंगाने, मनातल्या मनात दिलं: राहीन.

मी पाचवा आलो. एक परीक्षक म्हणाले, पोट चांगलं आहे, पिंढऱ्या कुठे आहेत? सोळा वर्षांत मी पिंढऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मास्टरमोशाय खूश झाले. म्हणाले, "चला, आता तुला काळजी करायला नवीन जागा मिळाली."

परत येताना आम्ही हावड्याहून बाबूघाटची लाँच पकडली. पाडव्याला माझ्या तयारीमुळे मी पुरणपोळी खाल्ली नव्हती, म्हणून बायकोने आदल्या दिवशी पुन्हा पुरण घातलं होतं. नदीवर वारा होता. माझ्या मानेवरचा रंग कॉलरला लागत होता. बायकोने डबा उघडला. मी एक पोळी घेतली. मुलीने कुणी न विचारता दुसरी घेतली, तूप बोटांवरून मनगटाकडे निघालं तसं चाटून घेतलं, आणि पुलाकडे बघत खात राहिली. आम्ही दोघं तिच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंढऱ्यांचा व्यायाम लिहायला वही काढली. टेप अजून बायकोच्या कपाटात आहे, ती पडद्यांसाठी वापरते. मागचं पान मी कित्येक महिन्यांत उघडलं नव्हतं. तिच्या जुन्या आकड्यांखाली पट्टीने एक सरळ रेघ मारलेली होती, आणि रेघेखाली नवं मांडलेलं होतं, त्याच गोलसर अक्षरात. काठी. मग रिकामा बार. मग बारला पाच किलो. मग साडेसात. सगळ्यांत खाली तिने पुढच्या आठवड्याचा आकडा आधीच लिहून ठेवला होता. तो वरच्या सगळ्यांपेक्षा मोठा होता, आणि त्याच्यापुढे हसरा चेहराही काढून झाला होता.